पर्समधला राजीनामा

२०२४ च्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळणं झालं, जेवणं झाली, पुरुषमंडळी पंख्याखाली लवंडली आणि आम्ही बायका मागच्या पडवीत गप्पा मारत बसलो. माझ्या भावाची थोरली लेक जवळ सरकली. पर्समधून चार घड्यांचा एक कागद काढला आणि हळूच म्हणाली, "आत्या, जरा शुद्धलेखन बघशील?"

मला वाटलं, मुलाचा निबंध असेल. उघडून बघते तर चारच ओळी. मा. सचिवसाहेबांना उद्देशून, वैयक्तिक कारणास्तव सहशिक्षिका पदाचा राजीनामा देत आहे, वगैरे. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. असेल कशी, मॅडम ती! कागद मात्र घडीवर फाटायला आला होता.

"कधी लिहिलास?"

"गणपतीपासून पर्समध्येच आहे. रोज घेऊन जाते, रोज परत आणते."

मैत्रिणींनो, असा कागद आपल्यापैकी कितीजणींच्या पर्समध्ये असेल, नाही? कुणाचा शाळेतला, कुणाचा दवाखान्यातला, कुणाचा पतसंस्थेतला. कागद नसेल तर मनात तरी असतोच. म्हणून तिची परवानगी घेऊन हे लिहितेय. नाव, गाव काही देणार नाही. तालुक्याचं गाव आहे एवढं पुरे.

भाची बी.एस्सी., बी.एड. रसायनशास्त्र घेऊन झालेली, हुशार. लग्नानंतर चार वर्षं घरी होती आणि जून २०२१ मध्ये गावाबाहेरच्या एका विनाअनुदानित शाळेत लागली. लागली ती विज्ञानाची शिक्षिका म्हणून. प्रत्यक्षात सकाळी बसमध्ये मुलं मोजायची, मधल्या सुट्टीत डबे बघायचे, कुणी रजेवर असेल तर सीनियर केजीला गाणी शिकवायची आणि उरलेल्या वेळात आठवी ते दहावीचं विज्ञान. मे महिन्यात तर घरोघरी फिरून प्रवेश आणायचे. प्रत्येकीला आकडा ठरवून दिलेला. उन्हातान्हात वाड्यावस्त्यांवर माहितीपत्रकं वाटत फिरणाऱ्या शिक्षिका आपल्या गावात तुम्हीही पाहिल्या असतील. त्या मे महिन्याचा पगार मात्र नाही. ऑर्डर अकरा महिन्यांचीच. जूनमध्ये नवी ऑर्डर मिळणार की नाही, हे सचिवांच्या मर्जीवर.

पगाराची तऱ्हा तर ऐकाच. दर महिन्याला खात्यात १९,५०० रुपये जमा होतात. तीन दिवसांच्या आत त्यातले १०,५०० काढून पाकिटात घालून ऑफिसात नेऊन द्यायचे. हातात राहतात नऊ हजार. उत्पन्नाच्या दाखल्यावर मात्र साडेएकोणीस!

"मग सोडत का नाहीस?" हे विचारणं सोपं असतं. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. जावई एमआयडीसीत ठेकेदाराकडून कामाला. त्यांचंही आज आहे तर उद्या नाही. दोन खोल्यांचं घर बांधलंय, त्याचा पतसंस्थेचा हप्ता ६,२०० रुपये. म्हणजे हिचा पगार जवळजवळ सगळा हप्त्यातच जातो. वर मुलगा त्याच शाळेत. फी अठरा हजार, आईच्या नोकरीमुळे अर्धी माफ.

आणि आणखी एक गोष्ट, जी ती बराच वेळ बोलली नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आत्या, बाजारात भाजीवाल्या मावशीसुद्धा मला मॅडम म्हणतात गं. घरी बसले की मी परत अमक्याची सून."

हे मला फार लागलं. आपण नोकरीचा हिशोब पगारात करतो. छोट्या गावात नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हे. सकाळी साडी नेसून घराबाहेर पडायला मिळतं, कुणी नावानं ओळखतं, सासरच्या माणसांपुढे शब्दाला वजन येतं. नऊ हजारांत हेही धरलेलं असतं, आणि संस्थाचालकांना ते पक्कं ठाऊक असतं. वर नोकरी सोडलेल्या बाईला गावात "सोडली का?" असं कुणी विचारत नाही. "काढलं का?" असंच विचारतात.

घरात मतं वाटलेली. माझा भाऊ म्हणाला, "आहे ते धरून ठेव, बाहेर बी.एड. झालेली पोरं पोत्यानं पडलीत." वहिनी म्हणाली, "प्रकृतीकडे बघ, गाल बसलेत पोरीचे." जावई काहीच बोलले नाहीत. मला वाटतं, हप्ता आठवत असावा. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही.

आता माझी एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे मी तिला तो कागद लगेच देऊ नकोस असं का म्हटलं ते कळेल. १९९८ मध्ये मी एका पतसंस्थेत क्लार्क होते. पगार नऊशे रुपये. पिग्मीचे पैसे मोजायचे, खतावणी लिहायची. एके दिवशी संध्याकाळी कॅशमध्ये ३४० रुपये कमी आले. मॅनेजर सगळ्यांसमोर नको ते बोलले. मी कपाटाच्या किल्ल्या काउंटरवर आपटल्या आणि तडक घरी आले. काय बरं वाटलं होतं त्या रात्री! आठवड्यानं अनुभवाचा दाखला मागायला गेले तर कळलं, ते ३४० रुपये माझ्या नावावर टाकलेत, शिवाय 'न सांगता काम सोडून गेल्या' असा शेराही मारलाय. कपाट कुणाच्या ताब्यात दिलं, काय काय दिलं, याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. दाखला आजतागायत मिळालेला नाही. नोकरी सोडली याचं दुःख मला कधीच झालं नाही, पण सोडली त्या रीतीची फळं पुढे दोन मुलाखतींत भोगली.

तर त्या दुपारी आम्ही मुलाच्या वहीचं मागचं पान घेतलं आणि आधी हिशोब मांडला. नऊ हजार गुणिले अकरा, ९९ हजार. त्यातून रिक्षाचे रोजचे चाळीस, वर्षाचे साधारण ९,६००. शाळेच्या ठरावीक साड्या, २,४००. गॅदरिंग, निरोप समारंभ, संचालकांचा वाढदिवस (हो, त्याचीही वर्गणी!) १,५००. उरले साडेपंच्याऐंशी हजार. त्यात मुलाच्या फीचे वाचलेले नऊ हजार मिळवले. झाले ९४,५००. बारानं भागलं तर महिन्याला ७,८७५. या आकड्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. सकाळी सातला बाहेर पडून संध्याकाळी पाचला घरी, वर रात्री वह्या, त्याचे हे पैसे. कमी आहेत हे तिला माहीत होतंच, पण किती कमी ते कधी मांडलं नव्हतं. आणखी एक गोष्ट त्यातून कळली. आठवी ते दहावीच्या पंधरा मुलांनी घरी येऊन महिन्याला पाचशे दिले तरी ही तूट जवळपास भरून निघते. पंधरा मुलं पहिल्याच महिन्यात येत नाहीत, हा भाग वेगळा.

मग मी विचारलं, "लागताना कशाकशावर सह्या केल्यास?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "एक कोरा कागद होता. खाली सही तेवढी घेतली. सगळ्यांचीच घेतात."

आणि मूळ प्रमाणपत्रं? दहावीपासून बी.एड.पर्यंत सगळी, संस्थेच्या कपाटात. पडताळणीसाठी म्हणून घेतलेली, तीन वर्षांत परत आली नव्हती.

हे वाचून कुणाला धक्का बसेल, कुणी म्हणेल यात नवीन काय! पण एक गोष्ट आपल्यापैकी फार थोड्याजणींना ठाऊक असते. महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आहे. त्याच्या कलम ७ मध्ये राजीनामा कसा द्यायचा हे चक्क लिहून ठेवलंय. राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही करायची, दोन्हींवर तारीख घालायची. एक प्रत रजिस्टर्ड पोस्टानं व्यवस्थापनाला पाठवायची, दुसरी स्वतःजवळ ठेवायची. कुणाच्या केबिनमध्ये बोलावून घेतलेला, बिनतारखेचा कागद या चौकटीत बसत नाही. मला तरी ही अट उगाच घातलेली वाटत नाही. कोऱ्या कागदावरच्या सह्या काही आजच्या नाहीत. नोकरीवरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, पण मुदत तीस दिवसांचीच. घरात रडण्यात आणि नातेवाइकांना विचारण्यात हे तीस दिवस बघता बघता जातात.

त्याच कायद्याच्या नियमांत नोटिशीचंही आहे. कायम कर्मचाऱ्यानं तीन महिन्यांची, कायम नसलेल्यानं एक महिन्याची द्यायची. न देता निघून गेलं तर तेवढा पगार संस्था मागू शकते. म्हणजे किल्ल्या आपटायची सोय नाही!

एक जरा ओशाळवाणी गोष्टही सांगून टाकते. प्रमाणपत्रं बाहेर काढायला आम्ही थोडं खोटं बोललो. भाचीनं रीतसर अर्ज दिला, त्यात बँकेत कर्जासाठी मूळ कागद दाखवायचेत असं लिहिलं. हेडक्लार्क भला माणूस. त्याला बहुतेक कळलं असावं. दोन दिवसांनी त्यानं पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, कलर झेरॉक्स आणून द्या, नाहीतर मला विचारतील." मूळ कागद हे आपले असतात, ते मागायला खोटं बोलावं लागू नये, हे मलाही कळतं. पण आधी कागद घरी आले पाहिजेत, तत्त्वाचं नंतर बघू, असं माझं मत पडलं.

ग्रॅच्युइटीचा प्रश्न निघाला. शिक्षकांनाही ग्रॅच्युइटी मिळते. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली गेली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. पण सलग नोकरी पाच वर्षांची लागते. शेवटचा पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं, असा हिशोब. भाचीला पाच वर्षं जून २०२६ मध्ये झाली असती. कागदावरच्या १९,५०० नं ती रक्कम ५६,२५० होते. मोह पडावा अशीच. पण दरवर्षीच्या मे महिन्यातल्या खंडावर संस्था बोट ठेवणार, आणि मिळालेच तर त्यातलेही पाकिटातून परत मागणार नाहीत कशावरून? त्यासाठी आणखी दीड वर्ष काढायचं का? तिनं मान हलवली. तिची पाच वर्षं दोन-तीन महिन्यांवर आली असती तर मी तिला दातओठ खाऊन थांब म्हटलं असतं. (नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय. तिच्यात ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असणाऱ्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीची तरतूद आहे. तुमची ऑर्डर त्यात बसते का, हे एखाद्या वकिलाला दाखवून घ्या.)

पीएफचं विचारल्यावर ऑफिसात उत्तर मिळालं होतं, "आपल्याकडे तसलं काही नाही." शाळेत एकतीस माणसं कामाला. वीस किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागू होतो. 'तसलं काही' असायला हवं होतं. जिथे पगारातून कापला जातो तिथेही तो खरंच भरला जातो का, हे मोबाईलवर पासबुक उघडून अधूनमधून बघत जा.

शेवटी निर्णय कसा झाला? खरं सांगायचं तर भिशीनं केला. दहाजणींची भिशी, महिना दोन हजार, आणि भाचीचा नंबर फेब्रुवारीत. वीस हजार हातात येणार. बचत गटात अकरा हजार होते. सहा महिन्यांच्या हप्त्यांचे होतात ३७,२००. कमी पडत होते सहा हजार दोनशे, बरोबर एका हप्त्याचे. ते जावयांनी बोनसमधून काढून दिले, न बोलता. त्यांचं मत काय होतं ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

सासूबाईंना मात्र सगळ्यात जास्त राग आला, तो नोकरीवरून नव्हे. नातवाचं नाव त्या शाळेतून काढून जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं ठरलं म्हणून. "आईनं शिकवायचं इंग्लिश शाळेत आणि पोरगं मराठीत?" दोन महिने त्या नीट बोलल्या नाहीत. माझं विचाराल तर, जिथे त्याच्या आईला ही वागणूक मिळत होती तिथेच त्यानं शिकावं असं मला काही वाटलं नाही. पण शेजारपाजारच्या मुलांच्या टायकडे बघून त्या आजीचा जीव तुटतो, तेही खोटं नाही.

दहावीचा अभ्यासक्रम तिनं डिसेंबरअखेर संपवला. मुलांना अर्ध्यात सोडायचं नाही हे तिचं पहिल्यापासून होतं. २५ फेब्रुवारी २०२५ ची तारीख घालून, ३१ मार्चला कामातून मोकळं करावं असं लिहून, तिनं राजीनामा रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला. (२०२५ मध्येच पोस्टानं रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टात मिसळली. आता खिडकीवर नोंदणीसह स्पीड पोस्ट मागा, आणि पावती जपा.) 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द तसेच ठेवले. मला ते खटकत होते. खरी कारणं लिहावीत असं वाटत होतं. ती म्हणाली, "आत्या, मला भांडायचं नाही, मला निघायचंय." तिची नोकरी, तिचा शब्द.

प्रयोगशाळेचं कपाट, निकालपत्रकं, हजेरीपट, साहित्य, सगळ्याची यादी करून तिनं चार्ज दिला आणि यादीवर मुख्याध्यापकांची सही घेतली. यासाठी मात्र मी रोज फोन करून तिच्या मागे लागले होते. माझे ३४० रुपये होते ना त्यात!

इथे एक सांगायलाच हवं. हे सगळं पैशाचं आणि पिळवणुकीचं झालं. तुमचा त्रास जर वेगळा असेल, कुणाची नजर, कुणाचा स्पर्श, कुणाचे रात्रीचे मेसेज, तर राजीनामा देऊन गुपचूप बाहेर पडण्याआधी विचार करा. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार समिती असणं बंधनकारक आहे. ती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करावी लागते. तिथे थांबायलाच हवं असं मी म्हणत नाही. जीव नकोसा झाला असेल तर भिशीची वाट बघत बसायचं नाही, आधी बाहेर पडायचं. तक्रार नोकरी सोडल्यावरही करता येते.

भाचीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. एप्रिल २०२५ मध्ये पुढच्या खोलीत शिकवणी सुरू केली. पहिल्या महिन्यात चार मुलं, जूनमध्ये नऊ. शाळेनं पालकांना 'त्या मॅडमकडे पाठवू नका' असं सांगितल्याचं कानावर आलं, तरी दोघं त्याच शाळेतून आली. मे-जूनमध्ये शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी झाली. दोन तासांत दोनशे प्रश्न. एप्रिल-मे असे दोन महिने तिला पहिल्यांदाच सलग अभ्यासाला मिळाले. गुण बरे आहेत, फार नाहीत. भरतीतून माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलं तर तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. २०२३ च्या वाढीनंतर ते अठरा हजार झालं, आणि त्यातले कुणाला पाकिटात घालून परत द्यावे लागत नाहीत. नंबर लागेल का, ते मी तिला विचारत नाही. नवव्या मुलापर्यंतच्या शिकवणीचे साडेचार हजार म्हणजे हप्तासुद्धा पुरा होत नाही. सप्टेंबरपर्यंत बाजूला ठेवलेल्या पैशांवर निभावलं, त्यानंतर ओढाताण सुरू झाली. जावयांनी ओव्हरटाइम धरला. हे लपवण्यात अर्थ नाही.

गाल मात्र भरलेत. वहिनी खूश आहे.

मार्च महिन्याचा पगार संस्थेनं दिलेला नाही. २०२५ च्या भाऊबीजेला आम्ही पुन्हा माहेरी जमलो, तेव्हा ती पडवीत माझ्याजवळ येऊन बसली. पर्समधून कागद काढला. थकलेल्या पगाराचा तिसरा अर्ज, या वेळी शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत देऊन.

"शुद्धलेखन?" मी विचारलं.

"ते बरोबर आहे. तू फक्त 'नम्र विनंती' ठेवू का काढू ते सांग."

आम्ही काढून टाकलं.